जहाजावरून उतरल्या दिवशी पार्क नको : सिंगापूरची क्रूझ आणि युनिव्हर्सल कसं जुळवायचं

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. क्रूझ संपते ती सकाळ आणि युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कात शिरायची सकाळ यांच्यामध्ये एक रात्र ठेवा. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाढतो, हे मान्य. बाकी कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

हे मी अनुभवातून सांगतेय. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो, तेव्हा लेक पाच वर्षांची होती. सकाळी जहाजावरून उतरवलं, बॅगा बसच्या पोटात टाकल्या आणि दुपारी बारा वाजता आम्हाला युनिव्हर्सलच्या दारात सोडलं. रात्रीचं परतीचं विमान होतं. आदल्या रात्री बॅगा भरण्यात बारा वाजले होते आणि सकाळी सहाला उठलो होतो. दोन राइड झाल्या आणि दोनच्या सुमारास लेक बाकावर माझ्या मांडीत झोपली ती साडेचारपर्यंत. तिला उठवायला जीव होईना. पूर्ण दिवसाचं तिकीट होतं, त्यातला आमच्या वाट्याला आला जेमतेम पाव दिवस. अजूनही बऱ्याच टूरच्या आराखड्यात ‘क्रूझमधून उतरणे, युनिव्हर्सल, रात्री विमानतळ’ असं एकाच दिवसात लिहिलेलं दिसतं. बुकिंगच्या आधी ती ओळ शोधा आणि तो दिवस बदलून मागा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून आम्ही आठ जण पुन्हा गेलो. मी, नवरा, आता मोठी झालेली लेक, साडेपाच वर्षांचा धाकटा, सासूबाई, दीर, जाऊ आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. या वेळी सगळं स्वतः ठरवलं. ज्या क्रमाने ठरवलं, त्याच क्रमाने लिहिते.

पहिली गोष्ट व्हिसा. सिंगापूरहून निघणारी क्रूझ मलेशियाला, म्हणजे पेनांग किंवा पोर्ट क्लांगला जाऊन परत येते. म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. त्यामुळे व्हिसा हातात आला की त्यावर किती वेळा प्रवेशाची परवानगी आहे, ते वाचा. एकदाचीच असेल तर क्रूझला निघूच नका, आधी एजंटशी बोलून घ्या. आठही जणांचे कागद एकेक करून तपासा. एकाचा बघितला म्हणजे सगळ्यांचा बघितला असं समजू नका.

दुसरी गोष्ट एसजी अरायव्हल कार्ड. हा सिंगापूरच्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म आहे, त्याला एक पैसाही लागत नाही. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, त्यांच्यावर भरू नका. विमानाने जाताना हा फॉर्म सगळेच भरतात. क्रूझहून परतताना तो नव्याने भरावा लागतो, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच तो भरता येतो. आम्ही रविवारी चढलो आणि बुधवारी उतरणार होतो, म्हणजे सोमवारच्या आधी भरण्याची सोय नव्हती आणि सोमवारी तर आम्ही समुद्रात! जहाजावरचं वायफाय वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. म्हणून पेनांगला किनाऱ्यावर उतरलो तेव्हा एका कॉफीच्या दुकानात बसून नवऱ्याने आठ जणांचे आठ फॉर्म भरले. पाऊण तास गेला. त्यासाठी मलेशियातही चालणारा रोमिंग पॅक सांगलीहूनच घेऊन ठेवला होता. हॉटेलचा पत्ता, पासपोर्टचे नंबर आणि जहाजाचं नाव वहीत लिहून ठेवा, म्हणजे शोधाशोध होत नाही. एक जपा, भर समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा. नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि बिल फार येतं.

तारखांचं थोडक्यात. सिंगापूरच्या शाळांना साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुट्टी असते आणि मेच्या शेवटापासून जूनअखेरपर्यंतही. आपली मेची सुट्टी आधी सुरू होते, तेव्हा मेचा पहिला पंधरवडा साधला तर उत्तम. दिवाळीत जाणार असाल तर पार्कचा दिवस सोमवार ते गुरुवारमध्ये बसवा. ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सलमध्ये काही ठरावीक रात्री हॅलोविनचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी पार्क नेहमीपेक्षा लवकर बंद होतं. तिकीट काढताना त्या तारखेच्या वेळा बघूनच पैसे भरा.

आता जहाजावरची शेवटची रात्र, कारण दुसऱ्या दिवसाचा निम्मा त्रास इथेच तयार होतो. मोठ्या बॅगा दिलेली पट्टी बांधून रात्री खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रातोरात खाली जातात आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळतात. सगळ्या बॅगा काळ्या-निळ्या, एकसारख्या. आम्ही एका जुन्या इरकलीचा काठ फाडून प्रत्येक बॅगेच्या मुठीला एकेक पट्टी बांधली होती. लाल-पिवळा काठ लांबून दिसतो, त्यामुळे हॉलमध्ये आमच्या बॅगा पाच मिनिटांत सापडल्या.

पण याच रात्री एक चूक झाली. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची डबी मोठ्या बॅगेत गेली. हे त्यांना रात्री अकराला आठवलं, तोवर बॅग दारातून गेलेली. आई म्हणाल्या, “राहू दे गं, एका सकाळचं काय.” पण त्या रात्रभर जाग्या होत्या, हे मला पहाटे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. सकाळी आठची गोळी त्यांनी टर्मिनलमध्ये बॅग उघडून पावणेदहाला घेतली. मला फार वाईट वाटलं, कारण बॅगा मी भरल्या होत्या. म्हणून सांगते, मोठी बॅग बंद करण्याआधी एक छोटी पिशवी वेगळी भरा आणि ती खांद्यावरून उतरवू नका. सगळ्यांची औषधं, पासपोर्ट, चार्जर, सकाळी घालायचे कपडे आणि चपला, मुलांचा एकेक जास्तीचा जोड, बिस्किटं, चष्मे. सकाळी घालायच्या चपला लिहायला कारण आहे. जाऊबाईंनी त्याही बॅगेत भरल्या होत्या आणि बॅग दाराबाहेर ठेवताना परत काढल्या.

जहाजावर केलेल्या खर्चाचं बिलही त्याच रात्री बघून घ्या. सकाळी त्या काउंटरला रांग असते.

उतरायचं ते ठरलेल्या गटांनी. घाई करून काही मिळत नाही. शेवटचा नाश्ता पोटभर करा, कारण पुढचं जेवण कधी मिळेल ते ठरलेलं नसतं. आमचं जहाज मरीना बे क्रूझ सेंटरला लागलं. इमिग्रेशन आणि बॅगा धरून उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आम्हाला सव्वा तास लागला.

बाहेर आल्यावर टॅक्सी. इथे लहान मुलं असलेल्यांनी नीट लक्ष द्या. सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाची सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, पण ॲपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. म्हणून ॲपवर साधी गाडी बोलावली आणि सोबत तीन वर्षांची मुलगी असेल, तर ड्रायव्हर नेत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. ॲपवर लहान मुलांसाठीची गाडी निवडा किंवा सरळ टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. आम्ही दोन टॅक्सी केल्या. सामान कमी असेल तर पाच-दहा मिनिटं चालून मरीना साउथ पिअरचं मेट्रो स्टेशन आहे. पण आठ बॅगा आणि एक आजी घेऊन मी तो विचारही केला नसता.

हॉटेल कुठे घ्यायचं? पार्क ज्या बेटावर आहे त्या सेंटोसावर राहिलं की पार्क जवळ पडतं, पण खोल्या महाग. माझं मत लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क. कारण एकच आणि पक्कं : तिथून जांभळ्या रंगाची मेट्रो लाइन न बदलता थेट हार्बरफ्रंटला जाते, आणि हार्बरफ्रंट म्हणजे सेंटोसाचं दार. शिवाय डोसा, इडली, वरण-भाताच्या जवळ जाणारं काहीतरी पायाखाली मिळतं. तीन दिवस बुफे खाल्लेल्या सासूबाईंनी सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये साधा डोसा आणि सांबार खाल्लं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते तीन दिवसांत पाहिलं नव्हतं. १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे ते. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, पण बॅगा आधी ठेवून घेतात. हॉटेलला दोन दिवस आधी ईमेल करून तसं विचारून ठेवा.

त्या दुपारी काहीही ठरवू नका. जहाजावरून उतरल्यावर जमीन हलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती तीन दिवसांत लाटांच्या तालाला सरावते आणि जमिनीवर आल्यावरही तोच ताल धरून ठेवते. बाथरूममध्ये डोळे मिटून तोंडाला साबण लावला आणि मी भिंतीला हात टेकला, इतका झोका आला. आई तर पलंगाच्या कडेला बसून म्हणत होत्या, “मी अजून बोटीवरच आहे गं.” बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप जातं. पण अशा अंगाने रोलर कोस्टरवर बसायचं, म्हणजे उलटीला बोलावणं. त्यात कुणी मळमळीची गोळी घेतलेली असेल तर तिने गुंगी येते. हे २०१९ मध्ये आम्हाला कळलं असतं, तर लेकीला उगाच चिडकी म्हटलं नसतं.

तेव्हा उतरल्या दिवशी जेवण, झोप आणि एक धुणं, एवढंच. जहाजावरचे ओलसर पोहण्याचे कपडे नाण्यांच्या लाँड्रीत धुऊन, वाळवून मिळतात. पार्कात भिजायचं असतंच, ते लागणार असतात. संध्याकाळी मुलांना बाहेर जायचंच असेल तर गार्डन्स बाय द बे या बागेतल्या सुपरट्री नावाच्या उंच कृत्रिम झाडांखालचा दिव्यांचा कार्यक्रम बघा. फुकट आहे, पावणेआठ आणि पावणेनऊला असतो. लिटल इंडियाहून निळ्या लाइनने बेफ्रंटला उतरलं की झालं. आम्ही फरशीवर सतरंजी टाकून आडवे पडून बघितला. पावणेआठचाच बघा आणि साडेनऊला अंथरुणात असा.

पार्कची खरी तयारी मात्र घरी, दोन महिने आधी करायची. ती म्हणजे मुलांची उंची मोजणं. युनिव्हर्सलमध्ये प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी मापाची पट्टी असते आणि तिथला माणूस एक सेंटिमीटरही सोडत नाही, सोडूही नये. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. धाकट्याला अनवाणी उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, रेघ मारली : ११२ सेंटिमीटर. मग त्याच चौकटीवर खडूने चार राइडच्या चार रेघा ओढल्या. ट्रान्सफॉर्मर्स १०२, ज्युरासिक पार्कची पाण्याची राइड १०७, ममी १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिका १२५. तो स्वतःच्या बोटाने दाखवायचा, “या दोन माझ्या, या दोन ताईच्या.” दोन महिने तेच म्हणत राहिला. त्यामुळे पार्कात ममीच्या दारातून त्याला मागे फिरवावं लागलं नाही, तो तिकडे गेलाच नाही. पट्टीपाशी रडणारी मुलं मी त्या दिवशी तीन पाहिली. त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

तिकिटाचं वय लक्षात ठेवा : चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही, ४ ते १२ मुलांचं तिकीट. पुतणी फुकट आली.

पार्कच्या दिवशी सकाळी खोलीतल्या किटलीच्या गरम पाण्यात घरून भाजून नेलेला उपम्याचा रवा भिजवला आणि भरपेट खाऊन निघालो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोट घरचं भरून न्यायचं. पाण्याची रिकामी बाटली मात्र प्रत्येकाची घ्या. सिंगापूरचं नळाचं पाणी पिण्याचं असतं, आत भरून घेता येतं. फॅरर पार्कहून हार्बरफ्रंट, तिथून जिना चढून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सेंटोसा एक्सप्रेस. जाताना माणशी चार सिंगापूर डॉलर, येताना काही नाही. पहिलंच स्टेशन उतरायचं. साडेनऊला आम्ही युनिव्हर्सलच्या दाराबाहेरच्या फिरत्या पृथ्वीगोलापाशी होतो. फोटो आत्ताच काढा, परतताना कुणात त्राण नसतं.

आत शिरल्यावर बहुतेक माणसं दिसेल त्या पहिल्या ठिकाणी थांबतात. तुम्ही थांबू नका. पार्क एका तळ्याभोवती गोल आहे. आम्ही उजवीकडून सरळ साय-फाय सिटी हा भाग गाठला, बॅटलस्टार तिथेच आहे. क्रम ठरवताना मी फक्त आभाळाचा विचार केला. सिंगापूरला त्या दिवसांत दुपारी गडगडाटी पाऊस येतो, आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. म्हणून बॅटलस्टार आणि पाण्याची राइड सकाळी, छताखालच्या ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी दुपारसाठी राखून. नवरा, भाऊजी आणि लेक बॅटलस्टारला गेले, मी धाकट्याला घेऊन जवळच थांबले. मग उंचीत बसणारे आम्ही ज्युरासिकच्या गोल होडीत. तिथे खरंच चिंब भिजतो. पायात बूट नकोत, पट्ट्याच्या सॅंडल हव्यात. ओल्या मोज्यांत दिवसभर चाललं की टाचेला फोड येतात आणि संध्याकाळ फुकट जाते. भिजून झालं की लगेच कपडे बदला आणि जेवा. प्राचीन इजिप्तच्या भागात भारतीय जेवण मिळतं, आईंना डाळ-भात मिळाला. एक वाजून वीस मिनिटांनी गडगडायला लागलं, तेव्हा आम्ही ताटावर होतो. बाहेर लोक धावत होते.

लहानग्यांसाठी सेसमी स्ट्रीटची राइड आणि मिनियन लँड. मिनियन लँड हा भाग फेब्रुवारी २०२५ पासून आहे, त्यामुळे तिथे गर्दी जास्त. पुतणी तिथून हलेना. आई-बाबा दोघांनाही मोठ्या राइडला बसायचं असेल आणि मूल लहान असेल, तर रांगेच्या तोंडाशी असलेल्या माणसाला विचारा. एकाने बसायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन थांबायचं, मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल, अशी सोय असते. लांब रांग टाळण्यासाठीचा एक्सप्रेस पास घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मधल्या वारी, शाळा चालू असताना, सकाळी दहाला दारात असाल तर गरज नाही. शनिवारी जाणं टळत नसेल तर घ्या.

आजी-आजोबांना सोबत नेताना त्यांचा दिवस वेगळा आखा. आम्ही दारातूनच चाकाची खुर्ची भाड्याने घेतली. आईंना ते आधी आवडलं नाही. म्हणाल्या, “मी काय आजारी आहे?” मी म्हटलं, “आई, चालायचं तेवढं चाला, ही पिशव्या ठेवायला.” अकरा वाजता त्या स्वतःहून बसल्या. वॉटरवर्ल्ड हा पाण्यातल्या कसरतींचा खेळ त्यांनी टाळ्या वाजवत बघितला. त्याच्या पुढच्या रांगांत पाणी उडतं, वर बसा. दर दोन तासांनी एका ठरलेल्या जागी सगळ्यांनी जमायचं, असं आम्ही ठरवलं होतं. फोनवर विसंबून राहिलो नाही. आमची जागा तळ्याकाठचा एक सावलीतला बाक होता.

परतीचं विमान त्याच रात्री ठेवू नका. आमचं दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. सात वाजता पार्कातून निघालो, धाकटा हार्बरफ्रंटला गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याच्या खांद्यावर झोपला. फॅरर पार्कला उतरून हॉटेलपर्यंत चालत आलो, जाऊबाईंनी कोपऱ्यावरून दहीभात आणला, तो खोलीत खाल्ला. सकाळी बॅगांना इरकलीचे काठ परत बांधले. ओल्या सॅंडल वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाकल्या, आणि गोळ्यांची डबी आईंनी माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.